खोट्या कागदाची कथा, खऱ्या कागदाचा इतिहास : शिरूर-भीमथडी, १८७४-७९

१

जमीन हिरावून घेतली जाण्याची घटना लोकप्रिय कथनप्रकारांत शिरते, तेव्हा तिला बहुधा एका लबाड माणसाची गरज भासते. हा माणूस नियम मोडतो, तो मोडताना प्रेक्षकाला दिसतो आणि अखेरीस त्याला शासन होते. अन्यायाचे हे व्यक्तिरूप कथेची सोय म्हणून येते. परंतु ते पुनःपुन्हा वापरले गेले, की अन्यायाचे स्वरूप असेच असते अशी समजूत रूढ होते. जमिनीच्या फसवणुकीविषयीचे दोन कथासंकेत या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहेत. त्यांपैकी एक अमेरिकन आहे, दुसरा मराठी. आणि ज्या इतिहासाशी ते ताडून पाहावयाचे, तो पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि भीमथडी या तालुक्यांचा आहे. आजचा दौंड तालुका त्या काळी भीमथडीत मोडत असे.

‘गनस्मोक’ (१९५५-७५), ‘बोनान्झा’ (१९५९-७३) यांसारख्या दीर्घकाळ चाललेल्या मालिकांनी अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘वेस्टर्न’ हा प्रकार घरोघरी नेला. या प्रकारातील एक ठरलेले कथाबीज म्हणजे जमिनीसाठीची शर्यत. त्यामागे खरी घटना आहे. २२ एप्रिल १८८९ रोजी दुपारी बारा वाजता ओक्लाहोमातील सुमारे वीस लाख एकर जमीन वसाहतीसाठी खुली झाली. इशारा होताच हजारो लोक सीमारेषेवरून घोडे दौडवीत आत शिरले; जो आधी पोहोचेल त्याला १६० एकरांपर्यंतच्या तुकड्यावर हक्क सांगता येणार होता. ठरल्या वेळेपूर्वीच आत शिरून लपून बसलेल्यांना ‘सूनर’ असे नाव पडले. कथेच्या दृष्टीने हा अपराध अत्यंत सोयीचा आहे. जमिनीवर आखलेली एक रेषा, घड्याळातील एक क्षण, आणि त्या क्षणाआधी रेषा ओलांडणारा एक माणूस, एवढ्यावर खलनायक निश्चित होतो आणि एका भागाच्या अवधीत न्यायही देता येतो.

मात्र या रचनेत एक गोष्ट दृष्टीआड होते. शर्यत सुरू होण्यापूर्वी ती जमीन रिकामी आणि निर्मालक आहे असे कथेने गृहीत धरलेले असते. वस्तुतः ती क्रीक व सेमिनोल जमातींकडून १८६६ च्या तहांनी आणि नंतर १८८९ च्या खरेदीने शासनाकडे आली होती. म्हणजे मोठे हस्तांतरण कागदावर, कायदेशीर मार्गाने, आधीच पुरे झाले होते. रेषा लवकर ओलांडणारा अपराधी ठरला, की रेषा कोणी व कशाच्या बळावर आखली हा प्रश्न उरत नाही. पुढे ओक्लाहोमा राज्याने ‘सूनर’ हेच बिरुद अभिमानाने मिरविले, ही गोष्टही या संदर्भात बोलकी आहे.

मराठीतील समांतर संकेत सावकाराचा आहे. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट १९२५ साली पडद्यावर आला, कथा ना. ह. आपटे यांची होती आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. १९३६ साली तो बोलपटाच्या रूपाने पुन्हा आला. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ म्हणून त्याचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. तथापि त्याचे कथासूत्र सावकाराच्या खोट्या दस्तऐवजाभोवती फिरते. त्या कागदाने शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात जाऊन गिरणीकामगार होतो. ‘वेस्टर्न’मध्ये जे कार्य रेषा ओलांडण्याचे, तेच येथे बनावट कागदाचे आहे. दोन्ही ठिकाणी नियम निर्दोष राहतो. दोष तो मोडणाऱ्याच्या माथी येतो.

शिरूर-भीमथडीचा इतिहास या संकेताला छेद देतो. तेथे जमिनीवरचा ताबा जाण्यासाठी कागद खोटा असण्याची आवश्यकता नव्हती. बनावट खते होती, त्यांच्या तक्रारीही झाल्या. परंतु कुणब्याला नागविण्यास खरे, मुद्रांकावर लिहिलेले, साक्षीदारांच्या सह्यांचे खतही पुरेसे होते. १८७५ च्या दंगलींचा अर्थ या मुद्द्याशी निगडित आहे.

२

खरे खत हे काम कसे करीत असे, हे समजून घेण्यासाठी त्यामागील व्यवस्था पाहावयास हवी. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ नंतर इंदापुरापासून सुरू केलेल्या जमीनमोजणीने प्रत्येक सर्व्हे नंबराचा सारा तीस वर्षांसाठी ठरविला आणि खातेदाराचा हक्क वारसाने चालणारा व हस्तांतरणीय मानला. हस्तांतरणीय झालेली जमीन अर्थातच तारण म्हणूनही चालू लागली. १८५५ साली व्याजाच्या दरावरील जुने कायदेशीर बंधन रद्द झाले. १८५९ साली दिवाणी प्रक्रियेची संहिता आणि मुदतीचा कायदा हे दोन्ही आले. पाठोपाठ अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, सावकारी पत वाढली. १८६५ नंतर भाव कोसळले तेव्हा पत आटली आणि कर्जे तेवढी राहिली. त्यातच १८६७ पासून इंदापूर, भीमथडी आणि शेजारच्या तालुक्यांत फेरमोजणीने सारा पुष्कळच वाढविला. वाढ इतकी असह्य होती की १८७४ साली सरकारलाच तिच्यावर मर्यादा घालावी लागली.

या सर्वांत मुदतीच्या कायद्याची कथा विशेष उद्‌बोधक आहे. साध्या, नोंदणी न झालेल्या खतावरचा दावा तीन वर्षांत दाखल झाला पाहिजे, असे त्याने ठरविले. जुनी, साचत गेलेली कर्जे अनंतकाळ ऋणकोच्या मानगुटीवर राहू नयेत हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी खत नवे करून घेऊ लागला. नव्या खतात जुने मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून एकच आकडा ‘मुद्दल’ म्हणून लिहिला जाई. दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाचे शंभर रुपयांचे कर्ज उदाहरणादाखल घेतले, तर तीन वर्षांनी खत १७२ रुपयांचे, सहा वर्षांनी सुमारे २९६ रुपयांचे आणि नऊ वर्षांनी सुमारे ५०९ रुपयांचे होते. मुद्दलाइतक्या व्याजापेक्षा अधिक व्याज एका वेळी वसूल करता येऊ नये हा दामदुपटीचा परंपरागत नियम न्यायालये मानीत. परंतु नव्या खतात व्याजच मुद्दल झालेले असल्याने तो नियम लागू होण्यास जागाच उरत नसे. येथे कोणतीही रेषा ओलांडलेली नाही. ऋणकोच्या रक्षणासाठी केलेला नियम काटेकोरपणे पाळला गेला, आणि त्या पाळण्यातूनच हानी झाली.

खताची भाषाही पाहण्याजोगी आहे. खत ऋणकोच्या तोंडी लिहिलेले असते : अमुक गावचा अमुक, कारणे खत लिहून देतो की, इतके रुपये रोख पावले. ‘मी’ म्हणणारा हा निवेदक बहुधा निरक्षर असे. लिहिणारा दुसरा, भाषा तिसऱ्याची, म्हणजे कायद्याची; आणि खाली ऋणकोच्या नावापुढे नांगराची निशाणी. ज्या औताने तो जमीन कसतो त्याचेच चित्र त्याची सही म्हणून त्या जमिनीच्या तारणाखाली उमटत असे. ‘रोख पावले’ या शब्दांत किती रोख होते, किती जुने व्याज होते, किती रक्कम आधीच कापून घेतली होती, हे संहिता सांगत नाही. परतफेडीची पावती क्वचितच मिळे. भरणा झाला तर तो सावकाराच्या वहीत, ऋणकोला न वाचता येणाऱ्या अक्षरांत. प्रकरण न्यायालयात जाई तेव्हा न्यायाधीशापुढे हा ‘मी’ हजर असे, माणूस मात्र नसे. बहुसंख्य दावे एकतर्फीच निकालात निघत. लेखक आणि निवेदक यांतील अंतर हा समीक्षेचा नित्याचा विषय आहे. येथे त्या अंतरावर शेते जात होती.

हुकूमनामा झाल्यानंतरही दृश्य असे काही घडेलच असे नाही. पुष्कळदा सरकारदप्तरी खाते कुणब्याच्याच नावे राहू देऊन सावकार पिकाचा धनी होई. सारा भरण्याची जबाबदारी कुणब्याकडे, उत्पन्न सावकाराकडे. रेषेवर झेंडा रोवणारा घोडेस्वार या चित्रात कोठेच नाही. शेतकरी त्याच शेतात, त्याच औताने राबत असे. बदललेले असे ते त्याचे त्या शेताशी असलेले नाते.

३

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे या गावी ही प्रक्रिया एकदाच दृश्य झाली. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळविला आणि त्यांच्या घराचा ताबा घेतला. देशमुख भाडे देण्यास तयार असतानाही त्याने ते घर पाडून टाकले. त्याने केले ते कायद्याला धरूनच होते. तरीही गावाच्या दृष्टीने मर्यादेचा भंग झाला होता, कारण देशमुखाचा वाडा पाडण्यात पैशाचा व्यवहार नव्हता, प्रतिष्ठेचा होता. गावाने सावकारांशी व्यवहार तोडला. कोणी त्यांची जमीन कसेना, न्हावी, परीट आणि पाणक्ये त्यांच्याकडे जाईनात. अखेर सावकारांना शिरूरचा आश्रय घ्यावा लागला. हा बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. काही ठिकाणी गावकऱ्यांनी त्यासाठी लेखी करार केले. ते ‘समापत्र’ या नावाने ओळखले गेले. सावकाराची चाकरी करणाऱ्याशी रोटी-बेटी व्यवहार बंद, अशा स्वरूपाच्या अटी त्यांत घातल्या जात.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने गुजर सावकारांची घरे-दुकाने लुटली. चोवीस तासांच्या आत तेथून सुमारे चौदा मैलांवरच्या गावात आगी लागल्या, आणि थोड्याच दिवसांत शिरूर, भीमथडी, इंदापूर, पुरंदर, हवेली तसेच नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, नगर या तालुक्यांतून तीसहून अधिक गावांत दंगली झाल्या. शासनाने लष्कर आणले; ९५१ जणांना अटक झाली आणि त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

चौकशी आयोगाने ज्या गोष्टीची नोंद ठळकपणे केली ती अशी : जमावाची मागणी बहुधा एकच असे, खते आणि हुकूमनामे बाहेर काढा. ते मिळाले, की ते जाळून जमाव निघून जाई. सावकाराने नकार दिला तेथेच मारहाण व जाळपोळ होई, आणि तीही एकंदरीत मर्यादित राहिली. जमावाने धान्याची कोठारे किंवा रोकड यांपेक्षा कागदाला दिलेले महत्त्व हे आंधळ्या रागाचे लक्षण मानता येत नाही. आपला शत्रू कोठे आहे याचे ते एक निदान होते. कागद खोटा आहे असा आरोप करून तो सिद्ध करण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही; तो खरा आहे, आणि खरा आहे म्हणूनच तो नष्ट झाला पाहिजे, असे त्यांच्या कृतीने म्हटले.

रणजित गुहा यांनी शेतकरी बंडांच्या आपल्या अभ्यासात (१९८३) लेखनाच्या नाशाला सत्ताचिन्हावरील आघात म्हणून स्थान दिले आहे. निरक्षरांच्या दृष्टीने लेखन हेच प्रभुत्वाचे चिन्ह ठरते, ही मांडणी महत्त्वाची आहे. परंतु शिरूर-भीमथडीच्या बाबतीत तिला एक पुरवणी जोडावी लागते. ज्या परिसरात खते जाळली गेली, त्याच परिसरात समापत्रे लिहिली गेली. तेव्हा विरोध लेखनमात्राला नव्हता. समापत्र अनेकांच्या संमतीने लिहिलेले आणि सर्वांना वाचून दाखविता येणारे होते, तर खत एकट्याने अंगठा वा निशाणी देऊन लिहून द्यावयाचे आणि दुसऱ्याच्या पेटीत राहावयाचे होते. संघर्ष लेखनाच्या दोन प्रथांमधला होता.

या निदानाच्या मर्यादाही झाकता कामा नयेत. आयोगाने नोंदविले आहे की बळी पडले ते जवळजवळ केवळ मारवाडी व गुजर सावकार. ज्या गावांत ब्राह्मण सावकारही हाच धंदा करीत तेथेही त्यांना बहुधा हात लागला नाही. कागद सारखाच, परंतु तो धारण करणारा परका असेल तरच तो जाळण्याजोगा ठरला. व्यवस्थेचे अचूक वाचन करणारा जमाव येथे खलनायकाच्या जुन्या संकेताकडे परत गेलेला दिसतो. शिवाय ज्या खतांची नोंदणी झाली होती त्यांच्या नकला सरकारी दप्तरात सुरक्षित होत्या, आणि हुकूमनाम्यांची मूळ कागदपत्रे न्यायालयात. गावातील होळीने तेथपर्यंत आच पोहोचणार नव्हती.

४

इतिहासकारांतील वाद प्रामुख्याने परिमाणाचा आहे. रवींदर कुमार यांनी १९६८ साली दंगलींचा संबंध रयतवारीने गावातील सत्तासंबंध बदलले या घटनेशी जोडला. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली, दंगलींचा विस्तार आणि परिणाम यांविषयी एक मिथकच निर्माण झाले आहे, असे प्रतिपादन केले. दंगली थोड्या, विखुरलेल्या आणि अल्पजीवी होत्या हे त्यांचे म्हणणे आकडेवारीच्या पातळीवर सहज फेटाळता येत नाही. परंतु किती एकर जमीन कोणाकडे गेली, या मोजमापात एक अडचण आहे. खाते जुन्याच नावावर राहू देण्याची जी पद्धत वर सांगितली, तिच्यामुळे हस्तांतरणाचा मोठा भाग दप्तरात उमटतच नाही. जो कागद जमीन गेली की नाही हे ठरविण्यासाठी इतिहासकार वाचतो, तोच कागद जमीन गेल्याचे झाकण्यासाठी लिहिला गेला होता. अशा दप्तराला साक्षीदार मानण्यापूर्वी त्याचा त्या व्यवहारातील सहभाग तपासावा लागतो. जमावाची बाजूही आपल्यापर्यंत मुख्यतः आयोगाच्या इंग्रजी अहवालातून पोहोचते. म्हणजे करड्याचा आणि सुप्याचा कुणबी येथेही दुसऱ्याने लिहिलेल्या भाषेतच बोलतो.

५

१८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांना लागू झाला. त्यातील तरतुदी वाङ्मयाच्या अभ्यासकाने अवश्य वाचाव्यात अशा आहेत. न्यायाधीशाने खताच्या शब्दांवर न थांबता व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल आणि व्याज वेगळे करावे, चक्रवाढ मानू नये असे त्याने सांगितले. शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर झाल्याखेरीज ग्राह्य नाही, शेतकऱ्याला पावती व हिशेब मागण्याचा हक्क आहे, कर्जापायी त्याला कैद होणार नाही, आणि खास गहाण दिलेली नसेल तर त्याची जमीन हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी विकता येणार नाही, अशा तरतुदी त्यात होत्या. थोडक्यात, संहिता स्वयंपूर्ण आहे आणि तिचा अर्थ तिच्या शब्दांतच शोधावा, ही भूमिका कायद्याने या चार जिल्ह्यांपुरती सोडून दिली. आशयनिश्चितीसाठी संहितेच्या मागे जाता येते की नाही, हा प्रश्न समीक्षेत विसाव्या शतकात मोठ्या हिरिरीने चर्चिला गेला. शिरूर-भीमथडीच्या शेतकऱ्यांच्या संदर्भात त्याचे उत्तर त्याआधीच द्यावे लागले होते, आणि ते देण्यास जळालेल्या खतांनी भाग पाडले होते.

सावकारी व्यवहारानेही नवे रूप शोधले. गहाणखताच्या मागे न्यायालय जाते असे दिसताच गहाणाच्या जागी सरळ खरेदीखत येऊ लागले. रक्कम फिटली की जमीन परत करण्याचे वचन केवळ तोंडी राहिले. संहिता आणखी निर्मळ झाली आणि करारातील खरा भाग तिच्या बाहेर गेला. ज्याच्याकडे लेखन होते त्याने लिहिण्याचेच टाळले. ही पद्धत एकोणिसाव्या शतकातच संपली असे नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ यातही, जमीन सावकारीच्या व्यवहारापोटी गेली असे चौकशीत ठरल्यास खरेदीचा दस्त अवैध ठरवून ती परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला द्यावा लागला आहे. नोंदणी झालेला, विधिवत दस्त असूनही त्यामागे पाहण्याची गरज सव्वाशे वर्षांनंतरही उरली होती, असा याचा अर्थ होतो.

६

आता आरंभीच्या कथासंकेताकडे पुन्हा पाहता येईल. ‘सावकारी पाशा’तील खोटा दस्तऐवज हा कलाकृतीचा दोष आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. कथेला संघर्ष हवा, संघर्षाला अपराध हवा, आणि बनावट कागद हा पडद्यावर दाखविता येणारा अपराध आहे. तीन वर्षांनी खत नवे करणे हे दाखविता येत नाही. त्यात कोणी कोणाला फसवीत असल्याचा एकही क्षण नाही. म्हणूनच या विषयाचे सर्वांत भेदक मराठी लेखन कथेच्या रूपात आले नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ साली सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात दोष एका सावकारावर ठेवलेला नाही. कचेऱ्या, न्यायालये, लेखणी हाती असलेला कामगारवर्ग, त्याच्यावर विसंबून राहिलेले गोरे अधिकारी आणि वाढता सारा यांचे जाळे त्यांनी समोर ठेवले. निबंध, व्याख्यान आणि फटकारा यांच्या मिश्रणाने घडलेला तो गद्यप्रकार कथानकाच्या सोयी नाकारतो, म्हणून त्याला व्यवस्था दिसते. त्याची रचना शिथिल आहे, त्यात पुनरुक्ती आहे, अशी टीका करणाऱ्यांनी या विषयाला कोणता घाट पेलला असता याचाही विचार करावयास हवा.

ग्रामीण साहित्याच्या चर्चेत दुष्ट सावकार ही व्यक्तिरेखा साचेबद्ध झाल्याची तक्रार वारंवार केली जाते, आणि तिला उपाय म्हणून अधिक ‘माणुसकीचा’ सावकार रंगविण्याची शिफारस होते. या उपायाने साचा मोडत नाही. खलनायकाच्या जागी गुंतागुंतीचा माणूस येतो, पण कागद अस्पर्शच राहतो. करड्याचा काळूराम स्वभावाने कसा होता याला इतिहासात फारसे महत्त्व नाही. सज्जन सावकारानेही मुदत संपण्यापूर्वी खत नवे करूनच घेतले असते; ते न करता त्याची रक्कम बुडाली असती. जमिनीच्या कथेची समीक्षा करताना पात्रांची पारख जितकी आवश्यक, तितकीच त्या कथेत कागद कोण लिहितो, कोण वाचून दाखवितो आणि तो कोणाच्या पेटीत राहतो, याची विचारणा आवश्यक आहे. १८७५ च्या उन्हाळ्यात भीमा आणि घोडनदीच्या काठच्या निरक्षर माणसांनी ती विचारणा केली होती. त्यांची पद्धत हिंसक होती, निवड पक्षपाती होती आणि यश अपुरे होते. मात्र त्यांनी विचारलेला प्रश्न साहित्यविचाराने अद्याप पुरता हाती घेतलेला नाही.